रस्ता लांबण्याआधी ओढ्याची नोंद ठेवा

महामार्गाचं वाढीव काम सुरू होण्याआधी निदान एक पावसाळा हाताशी हवा. मी ओढ्यातला एक दगड ठरवून घेतला होता. मोठा पाऊस झाला की तिथलं पाणी काचेच्या बरणीत भरायचं, रात्रभर हलवायचं नाही, सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजून तारखेसकट लिहायचा. उघड्या भरावाची माती इथेच आधी दिसते. दुसरी बरणी कामाच्या वरच्या अंगाला भरा. नाहीतर काम करणाऱ्यांकडून ‘गाळ आधीपासूनच होता’ हे उत्तर ठरलेलं. (पहिल्या वर्षी मी तिथेच फसलो.) रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या मोरीचं खालचं तोंड पात्राच्या वर लटकत असेल, तर लहान मासे पलीकडे जात नाहीत, फोटो काढा. वाहनं दुप्पट झाली तरी आवाज साधारण ३ डेसिबलच वाढतो, तेव्हा रस्त्याच्या कामाच्या अहवालातल्या आवाजवाढीच्या छोट्या आकड्याला भुलू नका.