अंगणात फळझाडं लावताय? हिवाळ्यात या चुका टाळा

दिवाळी आटोपली की घरापुढची वाळकी लॉन, दोन पाम आणि कडेची डुरांटा डोळ्यांत खुपायला लागतात. त्या जागी लिंबू, पेरू, शेवगा, डाळिंब लावावं असं मनात येतं. विचार चांगलाच आहे, घोटाळा होतो तो क्रमात. पहिल्याच रविवारी नर्सरीतून रोपं येतात आणि मग त्यांच्यासाठी जागा शोधली जाते.

पुणे, नाशिक, सोलापूर अशा पठारी भागात थंडीचे महिने मोजायला, खणायला आणि जुनं काढायला उत्तम. नवीन फळझाड लावायचं ते जून-जुलैत. थंडीत मुळांची वाढ मंदावते, रोप आहे तेवढंच राहतं आणि मूळ धरायच्या आत मार्चचं ऊन त्याला गाठतं. परदेशी व्हिडिओंत डिसेंबर-जानेवारीत उघड्या मुळांची झाडं लावताना दिसतात, कारण तिकडची सफरचंदं त्या काळात पूर्ण सुप्त असतात. आपला पेरू आणि लिंबू तसे झोपत नाहीत.

डिसेंबरचं ऊन पाहून जागा ठरवणं

२२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर माध्यान्हीलाही, म्हणजे साधारण साडेबाराला, सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. त्यामुळे २० फूट उंच घराची सावली उत्तरेकडे सुमारे १८ फूट पडते. अंगण उत्तरेला असेल तर थंडीत ते जवळजवळ सगळं सावलीत जातं आणि ‘इथे काही येणार नाही’ असा निष्कर्ष निघतो. पण मेच्या मध्यात त्याच शहरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तेव्हा तीच जागा भाजून निघते. म्हणजे उत्तरेच्या अंगणात झाडं वाढतात, फक्त थंडीत फुलणाऱ्यांची गैरसोय होते. तिथे कढीपत्ता, केळ, अळू भिंतीजवळ घ्या. लिंबू आणि पेरू रस्त्याकडच्या टोकाला, घरापासून जितकं लांब जमेल तितकं. दक्षिणेच्या अंगणाला वर्षभर ऊन मिळतं, डाळिंबाची जागा तीच. पश्चिमेला मे महिन्यातली दुपार कोवळ्या खोडाची साल करपवते. तिथे पहिली दोन वर्षं खोडाला चुन्याचा हात द्यावा लागतो.

सावली मोजायची तर सकाळी ९, दुपारी साडेबारा आणि ४ वाजता जमिनीवर चुन्याची रेघ मारा. तिन्ही रेघांच्या बाहेर राहिलेली जागा फळझाडांची.

जमिनीखाली काय आहे ते न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. अंगणाखालून पाण्याची लाइन, ड्रेनेज, कधी विजेची केबल गेलेली असते. टाकी नाहीतर शोषखड्डाही तिथेच असतो. चेंबरची झाकणं शोधून दोन झाकणांमध्ये दोरी धरली की लाइन कुठून जाते ते कळतं. त्या रेघेच्या ५ फुटांत झाड नको. अंजीर तर टाकी आणि ड्रेनेजपासून १० फूट लांबच ठेवा. त्याची मुळं ओलाव्याच्या मागे जातात आणि पाइपच्या सांध्यात शिरतात.

दुसरी गोष्ट राडारोडा. घर बांधून झाल्यावर विटांचे तुकडे, सिमेंटचा गिलावा, चुना अंगणातच पसरतात आणि वर चार-सहा इंच लाल माती टाकून लॉन लावतात. लॉन त्यावर जगते. लिंबू मात्र वर्षभरात पिवळं पडतं: नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. चुन्यामुळे मातीतलं लोह झाडाला उचलता येत नाही, म्हणून हे होतं. कितीही शेणखत किंवा युरिया घातला तरी ही पानं हिरवी होत नाहीत. तपासायचं असेल तर दीड फूट खोलीवरची मूठभर माती बशीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना भरपूर आहे. खड्ड्याच्या जागेतला राडारोडा पूर्ण काढा, चाळून परत वापरू नका. लावलेलं झाड आधीच पिवळं असेल तर ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी नव्या पानांवर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा. हा तात्पुरता इलाज आहे हे लक्षात ठेवा. जुनी, खालची पानं पिवळी होत असतील तर कारण वेगळं, बहुधा नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता. सगळंच झाड मलूल होऊन पिवळं पडलं तर आधी मुळाशी पाणी साचतंय का ते बघा.

त्यासाठी निचऱ्याची चाचणी आत्ताच करा. फूटभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, मुरू द्या. पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. एक इंच किंवा जास्त उतरलं तर काळजी नाही. अर्ध्या इंचावर अडकलं तर तिथे पपई आणि लिंबू लावायचे असल्यास दीड फूट उंचीचा गादीवाफा करूनच लावा. पपईच्या बुंध्याशी पावसाळ्यात एक-दोन दिवस पाणी साचलं तरी बुंधा सडतो.

खड्ड्यात सगळं ‘चांगलं’ भरणं

लिंबू, पेरू, डाळिंब, सीताफळ यांना २ × २ × २ फूट खड्डा पुरतो, आंब्याला ३ फुटांचा. जानेवारी-फेब्रुवारीत खणून ठेवा, म्हणजे एप्रिल-मेच्या उन्हात माती तापून कीड मरते. वरच्या फूटभर मातीचा ढीग एका बाजूला, खालच्या मातीचा दुसऱ्या बाजूला.

काळ्या मातीत एक नेहमीची गफलत होते. खड्डा नुसत्या कोकोपीट आणि कंपोस्टने भरतात. बाजूची चिकण माती पाणी सोडत नाही आणि पावसात खड्डा बादलीसारखा भरून राहतो. मुळंही मऊ मिश्रणाच्या बाहेर जात नाहीत. भरताना निम्म्याहून जास्त जागेचीच वरची माती हवी. तिच्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, एक किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट. जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच भरा, पहिल्या पावसात ते बसतं. ताजं शेण घालू नका. त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि रोप वरून धडधाकट दिसत असतानाच हातात उपटून येतं.

२० × ३० फुटांत बारा झाडं

पाच फुटी रोपं लावताना जागा मोकळी वाटते, म्हणून मध्ये आणखी एक चिकू बसवतात. चौथ्या वर्षी सगळी झाडं उन्हासाठी उंच पळतात आणि फळं शेंड्यावर लागतात. एवढ्या अंगणात चार झाडं, फार तर पाच: एक लिंबू, एक पेरू, एक डाळिंब, कोपऱ्यात शेवगा आणि नळाजवळ कढीपत्ता. लिंबू आणि पेरूमध्ये १२ ते १५ फूट, कंपाउंडच्या भिंतीपासून ५-६ फूट. आंबाच हवा असेल तर आम्रपाली घ्या, ती ठेंगणी राहते. मग पेरू सोडा.

शेवगा फाटकाजवळ किंवा गाडीच्या जागेवर नको. त्याचं लाकूड ठिसूळ असतं, वळवाच्या वाऱ्यात फांदी हमखास मोडते. शेंगांचा हंगाम संपला की ३-४ फुटांवर छाटायचा, हाच त्याला आवरायचा उपाय. जांभूळ घरापुढे लावणाऱ्यांना पुढे फरशी घासत बसावं लागतं. विजेच्या तारेखाली १० फुटांच्या वर जाणारं काहीच नको.

कापाकापीची घाई

सीताफळ जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळतं. मेलं समजून ते उपटलं जातं किंवा रोज पाणी घालून त्याची मुळं कुजवली जातात. फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. छाटणी याच वेळी करा. आंब्याला मात्र आता हात लावू नका, डिसेंबरपासून मोहोर येतो आणि छाटलात तर यंदाचं फळ गेलं. लिंबाची फक्त वाळकी काटकी आणि सरळ वर गेलेले पाणसोट काढा.

जुनं मोठं झाड तोडायचं असेल तर अंगण तुमचं असलं तरी महापालिका किंवा नगरपालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्यात खासगी जागाही येते. अर्ज आत्ता केलात तर पावसाळ्यापर्यंत हालचाल होते. छोटं झाड हलवायचं असेल तर खोडाच्या जाडीच्या दहापट व्यासाचा मातीचा गोळा धरा: दोन इंची खोडाला वीस इंच. महिनाभर आधी तेवढ्या वर्तुळावर कुदळीने मुळं तोडून ठेवा, गोळा गोणपाटात बांधा आणि एक तृतीयांश पाला कमी करा.

लिंबाला पानंच पानं, फूल नाही

चार-पाच वर्षांचं झाड हिरवंगार आहे आणि फुलत नाही, तेव्हा शेजारची लॉन बघा. तिला रोज पाणी मिळतं, ते लिंबालाही मिळतं. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांसाठी, डिसेंबरात पाणी तोडावं लागतं, दुपारी पानं मलूल दिसेपर्यंत. हलक्या जमिनीत तीन-चार आठवडे, भारी जमिनीत जास्त. मग हलकं पाणी देऊन हळूहळू वाढवा. लॉन ठेवायचीच असेल तर लिंबाभोवती ४ फूट त्रिज्येत गवत नको.

पाणी बुंध्याला टेकू नये. दुहेरी आळं करा: खोडाभोवती फूटभर मातीची भर, तिच्याबाहेर पाण्याचं आळं. बुंध्यातून डिंक पाझरत असेल तर सडका भाग खरवडून १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे भिजवून एक लिटरचा बोर्डो मलम करा आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंत लावा. प्लास्टिकच्या भांड्यातच, लोखंडी नको. कपडे धुतलेलं पाणी किंवा आरओचं टाकाऊ पाणी लिंबाला देऊ नका, त्यातल्या क्षारांनी पानांची टोकं जळतात. ते केळ आणि कर्दळीकडे वळवा.

रोप आधीच लावून बसला असाल तर

उपटू नका. कलमाचा जोड मातीच्या वर चार बोटं आहे ना, ते बघा. नसेल तर माती सारा. जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर ब्लेडने उभी कापून काढा आणि जोडाखालची फूट दिसेल तेव्हा खुडा, नाहीतर कलम मरून ज्यावर ते बांधलं तो खालचा खुंटच वाढतो. मार्चपर्यंत तीन-चार दिवसांआड पाच लिटर, नंतर एक दिवसाआड आठ-दहा लिटर पाणी. पश्चिमेच्या बाजूला ५० टक्क्यांची शेडनेट. तीन इंच पाल्याचं आच्छादन करा, पण ते खोडापासून चार बोटं लांब ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत कोणतंही खत नको, आणि पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाका.