शब्द फोडावा कसा, नारळ वाढवावा कसा

जत्रेच्या यादीत ‘११ नारळ वाढवावेत’ असं लिहिलंत, तर गुरव ते फोडेल आणि सामान आणायला गेलेला मुंबईकर पोरगा ११ नारळ जास्त घेऊन येईल. चूक दोघांचीही नाही. नारळ, बांगडी, मंगळसूत्र यांच्या बाबतीत ‘फुटलं’, ‘तुटलं’ हे तोंडातून काढायचं नाही, म्हणून तिथे ‘वाढणं’ आलं. तेव्हा आधी कर्म तपासा: शुभ आणि फुटणारी वस्तू असेल तर अर्थ उलटा घ्या. खरेदीच्या यादीत मात्र ‘फोडायला ११’ असंच लिहा.

‘नारळ देणं’ त्याहून फसवं. निरोपाला हातावर नारळ ठेवतात, त्यावरून ‘नारळ दिला’ म्हणजे हाकललं. सत्काराच्या बातमीत ‘श्रीफळ’ लिहा. ‘सरपंचांना नारळ दिला’ छापलंत तर उद्या खुलासाही छापावा लागेल.

‘परवा’ क्रियापदाच्या काळावरून कळतो. संस्कृत ‘परश्वः’ म्हणजे फक्त उद्यानंतरचा दिवस. मराठीने त्याला मागेही पाठवलं. धक्क्यावरच्या ‘परवा लाँच बंद’ या पाटीत क्रियापदच नाही, म्हणून वार-तारीख घाला.

एवढ्याने उलगडलं नाही तर शब्द फोडा (इथे ‘वाढवा’ म्हणायची गरज नाही). ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्याआड, म्हणून ‘अपरोक्ष’ म्हणजे डोळ्यांदेखत. आपण मात्र ‘माझ्या अपरोक्ष’ हे पाठीमागे या अर्थाने म्हणतो. बोलताना खुशाल म्हणा. सामायिक जमिनीच्या कागदात ‘समक्ष’ किंवा ‘गैरहजेरीत’ लिहा, नाहीतर सहीवरून भाऊबंदकी ठरलेली.

फोडूनही हाती काही लागलं नाही तर शेजारच्या भाषा बघा. ‘मीठ’ आलं संस्कृत ‘मृष्ट’, प्राकृत ‘मिट्ठ’ यांवरून, अर्थ रुचकर. हिंदीत तो शब्द गोडाकडे वळला, मराठीत जेवणाला चव आणणाऱ्या खारट खड्याकडे, आणि गुजराती ‘मीठुं’ दोन्हीकडे नांदतं. शिरोड्याच्या मिठागरांत १९३० साली ज्यासाठी सत्याग्रह झाला ते मीठ आणि हलवायाची मिठाई एकाच कुळातली. म्हणून लगेच ‘मिठी’लाही त्यात ओढू नका. नुसत्या उच्चारावरून जोडलेली नाती बहुधा खोटी निघतात; मधलं जुनं रूप सापडायला हवं. त्यासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश, आणि जुन्या वापरासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती.

‘राजीनामा’ तर फारसीत संमतीचा कागद. जमिनीच्या जुन्या दप्तरात तो दिसला तर पणजोबांची नोकरी शोधत बसू नका. कुणीतरी जमिनीवरचा हक्क राजीखुशीने सोडलाय.