आधी आपल्या हातानं : प्राथमिकच्या शिक्षकांनी विज्ञानाची तयारी कशी करावी

पाणी खदखदत होतं आणि थर्मामीटरमधली लाल रेष 98 वर जाऊन थांबली होती. इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या एका स्वयंपाकघरात आम्ही पाच शिक्षिका ओट्याभोवती उभ्या होतो. एक ताई म्हणाल्या, "थर्मामीटर खराब आहे." दुसरीनं गॅस मोठा केला. बुडबुडे वाढले, रेष ढिम्म. दुसरा थर्मामीटर आणला, तोही 98 च दाखवू लागला. आम्ही पाचही जणींनी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं ते 100.

कारण सापडायला अर्धा तास लागला. पाणी 100 अंशांवर उकळतं ते समुद्रसपाटीला. इंदूर माळव्याच्या पठारावर, साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश उतरतो. हिशेब चोख जुळत होता. त्या दिवशी मला जे कळलं ते आधीच्या कुठल्याच प्रशिक्षणानं शिकवलं नव्हतं: जो प्रयोग आपण स्वतः केलेला नाही, तो वर्गात शिकवताना आपण फक्त पुस्तक वाचून दाखवत असतो.

प्राथमिकला शिकवणारे आपल्यातले बरेच जण दहावीनंतर विज्ञानापासून दूर गेलेले. कला किंवा वाणिज्य शाखा, मग डी.एड., मग एकाच वर्गाला सगळे विषय. आता विज्ञानाबरोबर तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितही एकत्र शिकवायला सांगतात, त्याला 'स्टेम' म्हणतात. नुसत्या शब्दानंच धसका बसतो. आमच्या गटात जे करून पाहिलं आणि ज्याचा उपयोग झाला, तेवढंच इथं क्रमानं सांगते.

1. एका वहीत आपली अडचण लिहून काढा

तिसरी ते पाचवीची पुस्तकं घेऊन बसा. प्रत्येक धड्यापुढं प्रामाणिकपणे एक खूण करा: हे मी स्वतः केलंय, हे मला समजतं पण केलेलं नाही, हे मी टाळते. ही वही कुणाला दाखवायची नाही. माझ्या वहीत 'टाळते' या खुणेचे नऊ धडे निघाले. वीज, चुंबक, सावली, दिशा आणि नकाशा, वजन-मापं. म्हणजे मुलांना ज्यात सर्वांत जास्त मजा येते नेमकं तेच. तुमच्या यादीतला सर्वांत सोपा धडा पहिल्या महिन्यासाठी निवडा. सर्वांत अवघड निवडलात तर दुसरा महिना उजाडणारच नाही.

2. चार-पाच जणांचा गट जमवा आणि महिन्यातून एकदा भेटा

बाकी काहीही सोडा, ही पायरी सोडू नका.

आपल्या मध्य प्रदेशात याची मोठी परंपरा आहे आणि ती आपल्यालाच फारशी माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी एक कार्यक्रम सुरू केला, होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. 1982 मध्ये एकलव्य संस्था उभी राहिली आणि तिनं तो पुढं नेला. सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून प्रयोग करायची आणि त्यातून स्वतः निष्कर्ष काढायची. पण खरं बळ होतं शिक्षकांच्या तयारीत. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करायचे आणि वर्षभर दर महिन्याला जवळच्या केंद्रावर गोष्ठीला जमायचे. वर्गात काय फसलं, मुलांनी काय विचारलं, ते तिथं बोललं जायचं. 2002 मध्ये हा कार्यक्रम शाळांमधून बंद झाला. पण मासिक गोष्ठी भरवायला आपल्याला कुणाच्या आदेशाची गरज नाही.

आमची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, दोन तासांची. ती अशी चालते.

ज्यांच्या घरी बैठक, त्यांनी धडा निवडायचा आणि साहित्य जमवायचं, पण प्रयोग करून दाखवायचा नाही. प्रत्येकीपुढं वेगळं साहित्य. पाच जणी असल्या तर पाच संच. एकीनं करायचं आणि चौघींनी बघायचं असं झालं की ते पुन्हा प्रशिक्षणच होतं. मी एकदा दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते. तिथं साहित्याची पेटी टेबलावर होती, पडद्यावर तिचे फोटो होते, आणि दोन दिवसांत ती पेटी कुणी उघडली नाही. ते अजून मनात सलतं.

हात लावण्याआधी प्रत्येकीनं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. हे फार महत्त्वाचं आहे. अंदाज लिहिला नाही की प्रयोग झाल्यावर सगळ्यांनाच 'मला माहीत होतं' असं वाटतं. मग करून बघायचं, अंदाजाशी ताडून बघायचं, आणि शेवटची पंधरा मिनिटं एकाच प्रश्नाला: मुलं यावर काय विचारतील? चहा-पोहे त्यानंतर. आधी ठेवले की गप्पाच होतात.

एक उदाहरण सांगते. दिवा पेटवायचा होता. प्रत्येकीला एक सेल, वायरचा तुकडा आणि बारका एलईडी दिला. पाचही जणींचा दिवा पेटेना. कुणी वायर घासली, कुणी सेल बदलला. मग कळलं की एलईडीला दीड व्होल्टचा एक सेल पुरत नाही, दोन सेल एकापाठोपाठ जोडावे लागतात. दोन जोडले, तरी तिघींचेच पेटले. उरलेल्या दोघींनी पाय उलटे लावले होते. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडं जावा लागतो, वीज त्यातून एकाच दिशेनं जाते. टॉर्चचा जुना काचेचा बल्ब मात्र एका सेलवर, कसाही लावला तरी पेटतो. या वीस मिनिटांच्या फजितीमुळं आता वर्गात एखाद्या मुलाचा दिवा पेटला नाही तर मी घाबरत नाही. कुठं बघायचं ते हातांना माहीत आहे.

3. आपली पेटी आपण भरा

तयार विज्ञानपेटी विकत घेऊ नका, निदान सुरुवातीला नको. तिच्यातलं काही मोडलं की मुलांना हात लावू देववत नाही. बिस्किटांचा मोठा डबा घ्या आणि हळूहळू भरा. सेल, एलईडी, वायर जेल रोडला मिळतात. कागद, पुठ्ठा, मोजपट्ट्या खजूरी बाजारात. भिंग आणि दोन-तीन चुंबकं लागतात. सुईशिवायची सिरिंज केमिस्टकडं मिळते, हवा दाबली जाते हे दाखवायला तिच्यासारखं साधन नाही. सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह-ट्यूब आणि घरच्या आगकाड्या यांनी त्रिकोण, चौकोन, घन असे सांगाडे बनतात. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही, हे मुलांच्या बोटांना कळतं. पुलाच्या बांधणीत त्रिकोण का दिसतात याचं उत्तर तिथंच मिळतं. हाच तो अभियांत्रिकीचा धडा, ज्याची आपल्याला भीती वाटते.

आणि स्वयंपाकघर आहेच. हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदावर साबणाचं पाणी पडलं की तो लाल होतो, लिंबाचा थेंब टाकला की पुन्हा पिवळा. सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, ते घरात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीत चुना मिसळूनच होत असे, हे एखाद्या आजीला वर्गात बोलावून सांगायला लावा. आमच्याकडं अशा आजी आल्या होत्या. मुलं इतकी शांत बसलेली मी क्वचितच पाहिली.

दोन गोष्टी सांभाळा. तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात कधीही घालू नका, तो फुटतो. मुलांच्या हाती पाऱ्याचा थर्मामीटर देऊच नका, लाल द्रवाचा द्या. आणि प्रयोगासाठी वीज फक्त सेलची वापरायची, घरच्या प्लगची नाही. हे मुलांना प्रत्येक वेळी बजावून सांगा.

4. वाचायचं आणि बघायचं ते निवडून

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार प्रत्येक शिक्षकानं वर्षाला 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी देणं अपेक्षित आहे. शिक्षकांसाठीच्या सरकारी दीक्षा ॲपवर अभ्यासक्रम आहेत, प्रमाणपत्रही मिळतं. पण व्हिडिओ चालू ठेवून भाजी निवडली तर ते तास वाया जातात. प्रत्येक भाग पाहताना वही जवळ ठेवा आणि त्यातली एक तरी गोष्ट त्याच आठवड्यात वर्गात करा. दहा अभ्यासक्रम पूर्ण करण्यापेक्षा दोन नीट केलेले बरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊतून बनवायच्या खेळण्यांचे व्हिडिओ आणि असंख्य पुस्तकं मोफत आहेत, मराठीतही. वर सांगितलेले आगकाडी आणि व्हॉल्व्ह-ट्यूबचे सांगाडे त्यांचेच, 1978 च्या सुमारास होशंगाबाद कार्यक्रमात काम करताना सुचलेले. एकलव्यचं 'संदर्भ' हे हिंदी नियतकालिक शिक्षकांसाठी आहे आणि 'चकमक' मुलांसाठी. मराठीत वाचायला पुण्याहून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं तिसरी ते पाचवीसाठी केलेल्या 'स्मॉल सायन्स' मालिकेत शिक्षकांसाठी वेगळं पुस्तक आहे. मुलं कुठं अडखळतात ते त्यात सांगितलंय. एकच घ्यायचं असेल तर ते घ्या.

5. मुलांच्या प्रश्नांना जागा ठेवा

होशंगाबादच्या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रानं प्रश्न विचारायची आणि त्यांना उत्तरं जायची. आम्ही वर्गात बुटाचं खोकं ठेवलं, वर फट पाडली. मुलं चिठ्ठ्या टाकतात, त्या मी मासिक बैठकीला घेऊन जाते. पाल भिंतीवरून पडत का नाही? रात्री पोहे भिजवून ठेवले तर लगदा होतो, पण तांदूळ भिजवले तर का होत नाही? 'मला माहीत नाही, शोधून सांगते' असं मुलांसमोर म्हणायला मला सुरुवातीला फार जड गेलं. आता वर्गातल्या फळ्याचा एक कोपरा त्यासाठीच राखलेला आहे. उत्तर मिळालं की तारीख टाकून तिथं लिहायचं.

6. शहर वापरा

आपल्या मुलांना ओला-सुका कचरा वेगळा करायला शिकवावं लागत नाही, ते त्यांच्या घरात रोजचं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करा. मडक्यात भाजीच्या सालींचं खत घाला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर सोमवारी वजन करा, आलेख काढा. वजन घटत जातं, मग ते गेलं कुठं? पाचवीला यावर पूर्ण तासभर वाद झाला. मग ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणाऱ्या इथल्या कारखान्याची 2022 मध्ये सुरू झाला तेव्हाची क्षमता सांगा, दिवसाला 550 टन, आणि किलो करायला लावा. नळाला येणारं नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटर लांबच्या जलूदहून पंपांनी पठारावर चढवलेलं असतं. बादली घेऊन जिना चढायला लावलेल्या मुलाला त्या पंपाचं काम वेगळं समजवावं लागत नाही. मोठी सहल काढायची तर उज्जैनची वेधशाळा जवळ आहे, पण ढग नसतील अशा दिवशी जा. ऊन नसेल तर तिथलं सावलीचं घड्याळ पाहण्यात काही अर्थ नाही.

7. सुट्टीत एक मोठा प्रयोग स्वतःसाठी करा

हा मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, साधारण 6-7 तारखेला, सूर्य इंदूरच्या अगदी डोक्यावर येतो. गच्चीवर सपाट जागी एक मीटरची सरळ काठी ओळंब्यानं उभी करा. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सुमारे बारा पंचवीसला सावली काठीच्या बुंध्यात नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता ती दिसते, कारण आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत.

आता त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या मावशीला आणि पुण्याच्या भावाला तशीच काठी उभी करायला सांगा. वेळ एकच धरू नका, दोघांनीही आपापल्या गावची सर्वांत आखूड सावली मोजायची. ग्वाल्हेरला ती सुमारे सहा सेंटीमीटर भरेल आणि उत्तरेकडं पडेल. तिथं सूर्य वर्षात कधीच अगदी डोक्यावर येत नाही. पुण्यात ती सुमारे सात सेंटीमीटर असेल आणि दक्षिणेकडं, कारण तिथला शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्यालाच होऊन गेलेला असतो. ग्वाल्हेरच्या सहा सेंटीमीटरवरून सुमारे साडेतीन अंशांचा कोन येतो. नकाशावर इंदूर-ग्वाल्हेरचं निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर मोजा, ते सुमारे 390 किलोमीटर भरतं. साडेतीन अंशांना इतकं, तर 360 अंशांना किती, असं त्रैराशिक मांडा. उत्तर चाळीस हजारांच्या आसपास येतं. तोच पृथ्वीचा घेर.

हा दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतो, तेव्हा शाळा सुरू असते आणि मुलं सोबत असतात. बहुतेक ढग असतील. तरी काठी उभी करा, वेळ लिहा, आणि सावली दिसली नाही तर नोंदवहीत 'ढगाळ' असं लिहा.