आधी रिकामा हॉल पाहा

प्रदर्शन आणि अधिवेशन केंद्रात नोकरी लागली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर उद्घाटनाचा दिवस येतो. फीत, रोषणाई, पाहुणे, गर्दी. मी बरीच वर्षं हॉल ऑपरेशन्समध्ये काम करते आहे, आणि नव्याने येणाऱ्यांना पहिल्या दिवशी एकच सांगते: उद्घाटन चुकलं तरी चालेल, पण हॉल रिकामा असेल त्या दिवशी नक्की या.

रिकाम्या हॉलमध्ये शिरलं की नजर आपोआप छताकडे जाते. तुम्ही खाली बघा. जमिनीत ठरावीक अंतरावर लोखंडी झाकणं दिसतील. त्यांच्याखाली ट्रेंच असतात, म्हणजे वीज, पाणी, दाबाची हवा आणि नेटवर्क नेणारे चर. पहिल्या आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी माझ्या हातात हुक दिला आणि एक झाकण उघडायला लावलं. आत धूळ होती, कुठल्यातरी जुन्या प्रदर्शनातला तुटलेला केबल टाय होता आणि सॉकेटच्या बाजूला खडूने लिहिलेला एक नंबर. "हा नंबर प्लॅनवर कुठे आहे, दाखव," ते म्हणाले. मला सापडेना. दहा मिनिटं ते काही न बोलता उभे राहिले, पण उत्तर त्यांनी दिलं नाही. तेव्हापासून प्लॅन हातात घेतल्याशिवाय मी हॉलमध्ये पाऊल टाकलेलं नाही.

प्लॅनवरचे चौकोन म्हणजे स्टॉल. बहुतेक ठिकाणी सर्वांत लहान स्टॉल ३ मीटर बाय ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. शेल स्कीम घेतली तर भिंती, नावपट्टी, दिवे, टेबल-खुर्च्या आयोजक देतो. बेअर स्पेस घेतली तर नुसती जमीन मिळते आणि उभारणी प्रदर्शकाच्या फॅब्रिकेटरने, म्हणजे स्टॉल बांधणाऱ्या कंत्राटदाराने करायची. एकाच मापाच्या पटीत सगळं बसवायची ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली भरलेल्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने लोखंड आणि काचेचा क्रिस्टल पॅलेस उभारला, तोही २४ फुटांच्या पटीत. सुटे भाग कारखान्यातून तयार होऊन आले आणि जागेवर जोडले गेले, म्हणूनच एवढी अवाढव्य इमारत काही महिन्यांत उभी राहिली. जागेवरची मोठी एल्मची झाडं न तोडता त्याने ती छताखाली घेतली, ही गोष्ट मला आजही फार आवडते. जागा आहे तशी समजून घ्यायची आणि मग आखणी करायची, हेच आमचं काम आहे.

आता वजनाबद्दल. इथे नवखे हमखास चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. समजा हॉलच्या जमिनीची क्षमता चौरस मीटरला ५ टन आहे आणि प्रदर्शक १२ टनांचं यंत्र आणतो आहे. यंत्राचा पसारा २ बाय ३ मीटर. भागाकार केला तर चौरस मीटरला २ टन येतात, आणि आपण निश्चिंत होतो. पण यंत्र सगळ्या पसाऱ्यावर टेकत नाही, चार पायांवर उभं राहतं. एकेका पायावर ३ टन, आणि पाय २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटरचा. म्हणजे त्या इवल्याशा जागेवर चौरस मीटरला ७५ टनांच्या हिशेबाने भार येतो. प्रत्येक पायाखाली एक मीटर बाय एक मीटरची पुरेशी जाड पोलादी प्लेट टाकली की तोच भार ३ टनांवर उतरतो. ही प्लेट पुरेशी आहे की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल. पण यंत्राचे पाय किती आणि केवढे, हा प्रश्न वेळेवर विचारणं तुमचं काम. आणि यंत्राखाली ट्रेंचचं झाकण येत नाही ना, हेही बघा. यंत्र उतरवणारी क्रेनसुद्धा त्याच जमिनीवरून चालणार असते, तिचं वजन हिशेबात धरायचं राहून जातं.

विजेच्या बाबतीत मी स्वतः एक चूक केली आहे. एका वैद्यकीय प्रदर्शनात एका छोट्या स्टॉलवर फ्रिजमध्ये तपासणीची द्रावणं ठेवलेली होती. रोज संध्याकाळी प्रदर्शन बंद झालं की थोड्या वेळाने स्टॉलची वीज बंद केली जाते; चोवीस तास पुरवठा हवा असेल तर तो वेगळा मागावा लागतो. त्या प्रदर्शकाने फॉर्मवर किती किलोवॉट हवेत ते लिहिलं होतं, चोवीस तासांचा रकाना कोरा सोडला होता. फॉर्म माझ्या हातून गेला. यादीत फ्रिज लिहिलेला मला दिसला होता आणि तरी मी फोन केला नाही. सकाळी त्या बाई फ्रिजचं दार उघडून उभ्या होत्या, एकेक बाटली हातात घेऊन बघत. नियमाप्रमाणे दोष त्यांचा होता, पण त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. आता कुठल्याही यादीत फ्रिज, मत्स्यटाकी किंवा सर्व्हर दिसला की मी स्वतः फोन करते.

परदेशी प्रदर्शक येणार असतील तर एटीए कार्नेट समजून घ्या. १९६१ च्या करारातून आलेलं हे जकातीचं कागदपत्र. माल काही काळापुरता आणून परत न्यायचा असेल तर त्यावर जकात भरावी लागत नाही. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. मात्र वाटून टाकायची पत्रकं, फुकट वाटायचे नमुने, खाण्यापिण्याच्या वस्तू यात बसत नाहीत, कारण त्या परत जाणार नसतात. आणि परतीच्या वेळी शिक्का घ्यायला विसरलं तर माल तिथेच राहिला असं धरून जकात मागितली जाते. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना घरी जायची घाई असते, नेमका तेव्हाच हा शिक्का राहतो.

अधिवेशनांचं गणित वेगळं. नुसत्या खुर्च्या मांडून जिथे हजार माणसं बसतात, तिथे लिहायला टेबलं लावली की आकडा जवळपास निम्म्यावर येतो. बुकिंग घेणाऱ्या सहकाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा.

शिक्षणाबद्दल बरेच जण विचारतात. हॉटेल मॅनेजमेंट, इव्हेंट, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, कुठूनही या. आमच्याकडे सगळ्यांची गरज असते. पण ऑफर हातात असेल तर विक्री विभागात जायच्या आधी एक वर्ष ऑपरेशन्समध्ये मागून घ्या. पगार कमी वाटेल, पाय दुखतील. पुढे ग्राहकाला "होईल" म्हणताना ते का होईल, हे तुम्हाला माहीत असेल.

प्रदर्शन संपलं की डिस्मँटलिंग सुरू होतं, आणि मला सर्वांत जास्त धास्ती त्या रात्रीची असते. जे उभं करायला तीन दिवस लागले ते एका रात्रीत उतरवायचं असतं. सुतार थकलेले, फोर्कलिफ्ट उलट्या येत असतात, प्रेक्षक अजून पुरते बाहेर पडलेले नसतात. हेल्मेट आणि बूट घातल्याशिवाय आत जाऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी. शेवटचा प्रेक्षक बाहेर पडल्याशिवाय एकही गाडी आत सोडू नका. आपत्कालीन दारांसमोर तेव्हाच क्रेट रचले जातात, म्हणून दर अर्ध्या तासाने एक फेरी माराच.

पहाटे हॉल परत ताब्यात घेताना पुन्हा प्लॅन घेऊन चाला. चिकटपट्टीचे डाग, जमिनीत राहिलेला बोल्ट, सरकलेलं झाकण, सगळं लिहून घ्या, फोटो काढा, आयोजकाच्या माणसाची तिथल्या तिथे सही घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.