धंद्याची कल्पना: आधी इसार, मग फाईल

नागपुरात धंदा काढायचा म्हटलं की पहिलं नाव संत्र्याचं निघतं. मी बँकेच्या कर्ज विभागात होते तेव्हा हिवाळा लागला की संत्र्याच्या रसाच्या, जॅमच्या, बर्फीच्या फायली टेबलावर यायच्या. आता निवृत्तीनंतर मानेवाड्यातली मुलंमुली घरी कागद दाखवायला येतात, त्यांतही संत्रं असतंच. त्यांना मी आधी एवढंच विचारते: मे ते सप्टेंबर मशीन काय करणार? आंबिया बहाराचं फळ ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत, मृग बहाराचं फेब्रुवारी ते एप्रिल. मधल्या महिन्यांत कळमन्याच्या बाजारात आपलं संत्रं नाही, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. दुसरी अडचण रसाची. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की त्यातल्या लिमोनिनमुळे काही वेळाने कडवट होतो. ठेल्यावर काढून लगेच दिला तर कळत नाही, बाटलीत भरला की कळतं. यावर उपाय काय, हे अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन विचारा आणि मगच कागद करा. ज्याने विचारलेलं असतं त्याची फाईल पहिल्या पानावरच वेगळी दिसते.

कल्पना सुचत नाही म्हणून घरात बसून डोकं खाजवण्यात अर्थ नाही. आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा आणि तीन गोष्टी टिपा. लोक कुठे ताटकळतात. कशासाठी कुरकुरत का होईना, पैसे मोजतात. आणि कोणतं काम शेजाऱ्यापाजाऱ्याला विनवून करून घेतात. बर्डीवर, इतवारीत, गांधीबागेत फिरा, पण आपल्या गल्लीतही फिरा. डिसेंबरात विधिमंडळाच्या अधिवेशनाला बाहेरून माणसं येतात, त्यांच्या जेवणाखाण्याचं काय होतं ते बघा. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी घेऊन रंगवायला, सजवायला आई-बाप कुठे कुठे धावतात ते बघा. माझ्या मते तिसरी टिपणं सगळ्यांत मोलाची, कारण तिथे गरज आहे आणि दुकान नाही.

अशाच टिपणातून आमच्या भागातल्या एका मुलाची कल्पना निघाली. फ्लॅटमध्ये एकटे राहणारे म्हातारे जोडपे, मुलगा पुण्याला किंवा बंगलोरला. मार्च लागला की लोखंडी कूलर माळ्यावरून काढायचा, टाकी घासायची, क्षार खरवडायचा, खसच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का बघायचा आणि मग ते धूड खिडकीबाहेरच्या स्टँडवर चढवायचं. पारा पंचेचाळीसवर जातो त्या शहरात हे काम टाळता येत नाही आणि सत्तरीतल्या माणसाला झेपत नाही. मग वॉचमनला विनवा, मिस्त्रीला फोन करा, "उद्या येतो काकू" ऐका. पावसाळ्यात पुन्हा तेच: कूलरमध्ये पाणी राहिलं की डासांच्या अळ्या होतात, महापालिकेची माणसं तपासायला येतात. म्हणजे एका गिऱ्हाइकाकडे वर्षातून दोन खेपा पक्क्या. यात त्या मुलाने एक गोष्ट नीट हेरली, ती मला फार आवडली: काम काकूंचं, पण पैसे पुण्यातला मुलगा देणार. म्हणून त्याने जाहिरात काकूंसाठी केलीच नाही. कूलर चालू झाल्याचा व्हिडिओ मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा, असं ठरवलं.

आता परीक्षा. "छान आहे, कर" असं म्हणणारे शंभर भेटतील, ते मोजू नका. एका सोसायटीत दहा दारं वाजवा आणि शंभर रुपये इसार मागा. जो इसार देतो तो गिऱ्हाईक. जो देत नाही त्याला का नाही ते विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. मालाचा धंदा असेल, समजा सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा, तर ओळखीच्या घरी फुकट वाटू नका. एखाद्या नाश्त्याच्या दुकानात चार दिवस ठेवा आणि किती उरल्या ते मोजा. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, ती आधी उरकून घ्या.

मग हिशोब, एका नगाचा. उदाहरणादाखल आकडे देते, तुम्ही आपल्या भागातले भाव टाका. एका कूलरचे ९०० रुपये घेतले. ताट्या, पाइप, किरकोळ सामान ३५०. दोन माणसांना दिवसाचे ६०० प्रमाणे १,२०० आणि दिवसाला पाच कूलर होतात, म्हणजे एका कूलरवर मजुरी २४०. पेट्रोल ४०. उरले २७०. मार्च-एप्रिलचे साठ दिवस धरले तर जास्तीत जास्त ३०० कूलर, म्हणजे ८१,००० रुपये. दोघांतला एक तुम्ही स्वतः असाल तर तुमची मजुरी ३६,००० वेगळी. यातून शिडी, अवजारं, सामान ठेवायची खोली, फोन यांचा खर्च वजा करा. पावसाळ्याच्या खेपेत कूलरमागे पन्नास रुपये सुटले तर आणखी १५,०००. आकडा समोर आला की स्पष्ट दिसतं: एवढ्यावर वर्षभर घर चालणार नाही. ते लपवू नका. उरलेल्या महिन्यांत पाण्याच्या टाक्या धुणार असाल तर तोही हिशोब असाच एका टाकीपासून मांडा. बँकेतल्या माणसाला हा खड्डा दिसतोच. तो तुम्ही आधी दाखवलात आणि भरायचा कसा ते सांगितलंत, तर तो पुढचं ऐकतो.

मांडणी दोन मिनिटांची ठेवा. मोठ्याने बोलून बघा, घरातल्या सगळ्यांत शंकेखोर माणसासमोर. कूलरवाल्या मुलाची मांडणी आम्ही बसून अशी केली:

"सर, आमच्या भागात बरेच वयस्क लोक एकटे राहतात. उन्हाळ्याआधी कूलर लावून द्यायला त्यांना माणूस मिळत नाही. मी ठरलेल्या तारखेला येतो, साफ करून, ताट्या बदलून, चालू करून देतो आणि व्हिडिओ मुलाला पाठवतो. इसार दिलेल्या लोकांची यादी ही. एका कूलरवर माझे २७० रुपये सुटतात, हिशोब मागच्या पानावर आहे. माझे स्वतःचे पंधरा हजार टाकतो, पंचेचाळीस हजार हवेत: अवजारं, शिडी आणि सुरुवातीचं सामान. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस झाला तर कामं मागे पडतील, तेव्हा टाक्या धुण्याच्या कामातून हप्ता भरेन."

यात "प्रचंड मागणी", "मोठी बाजारपेठ" असा एकही शब्द नाही. यादी आहे, रक्कम आहे, पाऊस आहे. पैसे किती हवेत ते मुलं शेवटी पुटपुटतात. तुम्ही डोळ्यात बघून सांगा. सासऱ्यांकडून किंवा मित्राकडून पैसे घेणार असाल तरी हाच कागद द्या, फक्त परत कधी करणार ती तारीख वर लिहा.

एवढी छोटी रक्कम मुद्रा योजनेच्या शिशु गटात बसते, ती मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि तारण लागत नाही. मोठं काम असेल, तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत आणि उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. त्याची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते. या कार्यक्रमातल्या सबसिडीच्या भरवशावर मात्र खर्च आखू नका. ती रक्कम हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेवीसारखी अडकलेली असते आणि मग कर्जात वळती होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि फुकट होते, तिच्यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका. मशीनचं कोटेशन जीएसटी नंबर असलेल्या दुकानदाराचं घ्या. जुना मोबाइलचा हप्ता थकला असेल तर तो आधी भरा, कारण सिबिलमध्ये, म्हणजे बँक बघते त्या कर्जफेडीच्या नोंदीत, तो दिसतो आणि तिथेच गाडी अडते.

वेळेचं गणित उलटं मांडा. अर्ज, पाहणी, मंजुरी, पैसे खात्यात, मग सामान, एवढ्याला महिने जातात. मार्चमध्ये कूलर लावायचे तर दिवाळी झाली की फाईल बँकेत गेलेली हवी आणि हप्ते एप्रिलनंतर सुरू व्हावेत, असं अर्जातच लिहायला हवं. नाकारली तर कारण लेखी मागा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या बँकेत जाण्याआधी त्यातली एक तरी त्रुटी दुरुस्त करा. कुठे अडलं तर रविवारी दुपारनंतर माझ्याकडे या. फाईल नसली तरी चालेल, इसाराची यादी तेवढी आणा.