कोल्हापुरातून आंतरराष्ट्रीय युवा एक्स्चेंजला जाताना: गरज मापात लिहा

काही आंतरराष्ट्रीय युवा एक्स्चेंजमध्ये दिव्यांग आणि बिगरदिव्यांग मुलं ठरवून एकाच गटात घेतात. दोन-तीन आठवडे एकत्र राहायचं, काम करायचं, शिकायचं. काही कार्यक्रम वर्षभराचेही असतात. निवड झाल्यावरही जाणं अडतं किंवा तिथे पोचल्यावर हाल होतात, त्याचं मोठं कारण म्हणजे अर्जात गरज मोघम लिहिलेली असते. यजमान संस्था खोल्या, बस आणि दुभाषी काही महिने आधी ठरवते. ‘व्हीलचेअर वापरतो’ एवढ्या ओळीवरून त्यांना ना दाराची रुंदी कळते, ना बसची निवड करता येते.

कुठे अर्ज करायचा

इंटरनेटवर शोधलं की युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेतले युथ एक्स्चेंज आधी दिसतात. वय १३ ते ३०, मुक्काम ५ ते २१ दिवस, अपंगत्वामुळे येणाऱ्या जादा खर्चाची वेगळी तरतूद. पण हे एक्स्चेंज युरोप आणि त्याच्या शेजारच्या देशांसाठी आहेत. भारतातल्या गटाने त्यात वेळ घालवू नये.

१८ पूर्ण झालेल्यांना श्रमशिबिरांचा रस्ता मोकळा आहे. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संस्था १९२० पासून अशी शिबिरं भरवते. अर्ज आपल्या देशातल्या शाखेमार्फत करायचा असतो. शिबिराच्या माहितीपत्रात जागेबद्दल काही लिहिलेलं नसेल तर ती सोयीची नाही असं गृहीत धरू नका, पत्र पाठवून विचारा. शाळेत शिकणाऱ्यांसाठी अमेरिकेचा केनेडी-लुगार येस कार्यक्रम आहे: एक शैक्षणिक वर्ष, यजमान कुटुंबात राहणं, खर्च शिष्यवृत्तीतून. त्यात दिव्यांग विद्यार्थी घेतात आणि त्यांची वेगळी पूर्वतयारी मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए ही संस्था करून घेते. यंदाची जाहिरात निघाली आहे का, हे आधी भारतात हा कार्यक्रम चालवणाऱ्या एएफएस इंडिया या संस्थेकडे विचारा. जपानचं डस्किन नेतृत्व प्रशिक्षण १९९९ पासून आशिया-पॅसिफिकमधल्या दिव्यांग तरुणांसाठीच चालतं. ते सुमारे दहा महिन्यांचं असतं आणि जपानी भाषा तिथेच शिकवतात. कर्णबधिरांसाठी जागतिक कर्णबधिर महासंघाच्या युवा विभागाची शिबिरं आहेत.

कागद

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा आणि तपासणीला सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. कोल्हापुरात टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असावा.

घोळ होतो तो नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, यूडीआयडीवर वडिलांचं नाव मध्ये, आधारवर स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो. पासपोर्ट काढण्याआधी सगळे कागद शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा आणि दुरुस्ती करायची ती आधार-यूडीआयडीत आधी करा. व्हिसाच्या टप्प्यावर हे निस्तरायला वेळ उरत नाही.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला १८ पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. गरज असेल तर सहा महिने आधी अर्ज करा. पण जो तरुण स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, त्याच्यावर केवळ प्रवासाच्या सोयीसाठी पालकत्व लादू नये. त्याची सही किंवा अंगठा त्याचाच असू द्या.

अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना

‘विशेष गरजा’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर निवड सोपी होईल, असं अनेकांना वाटतं. सर्वसमावेशक कार्यक्रमात याचा उलटाच परिणाम होतो: निवड होते, पण तुमच्यासाठी पैसेच बाजूला काढलेले नसतात. तिथे असं लिहा:

‘मी हाताने चालवायची व्हीलचेअर वापरतो. चाकं फिरवायच्या बाहेरच्या कड्यांसकट रुंदी ६४ सेंमी, पायपट्टीसकट लांबी १०५ सेंमी, वजन १६ किलो, घडी होते. सपाट रस्त्यावर स्वतः चालवतो, चढावर मदत लागते. पलंगावर स्वतः सरकतो, पलंग ४५ ते ५० सेंमी उंच हवा. कमोड लागतो, डाव्या बाजूला खुर्ची लावायला जागा आणि उजवीकडे पकडायला दांडा हवा. बसून आंघोळ करतो. टबात उतरता येत नाही.’

ही मापं टेपने घ्या, अंदाजाने नको. टबाचं वाक्य विसरू नका. आपल्याकडे बादली-तांब्या आणि पाट असतो म्हणून हा प्रश्न सुचतच नाही, पण युरोप-जपानमध्ये अनेक ठिकाणी बाथरूमला टब असतो आणि तिथे रोजची आंघोळ अडते. कुबडी किंवा कॅलिपर वापरत असाल तर न थांबता किती मीटर चालता, किती पायऱ्या चढता आणि कठडा कोणत्या हाताला लागतो, तेही लिहा.

दृष्टिहीनांनी स्क्रीन रीडरचं (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) नाव लिहावं आणि साहित्य स्कॅन केलेल्या चित्राऐवजी वर्ड फाइलमध्ये, किमान आठवडाभर आधी मागावं. कमी दिसत असेल तर अक्षराचा आकार आकड्यात सांगा. कर्णबधिरांनी स्पष्ट करावं की आपली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेचा दुभाषी मिळाला तर संवाद होणार नाही, तिथली मुळाक्षरंसुद्धा एका हाताची आहेत. दिवसभराच्या सत्रांना दोन दुभाषी लागतात, कारण वीस-तीस मिनिटांनी एकाने दुसऱ्याला सोडवावं लागतं. बौद्धिक अक्षमता असेल तर चित्रांचं वेळापत्रक आणि थोडा वेळ एकटं बसायला शांत खोली मागा.

तरीही काही गरजा निसटतात, कारण घरात आई न सांगता कितीतरी कामं करत असते. शर्टाची बटणं, पाण्याची बाटली उघडणं, रात्री कूस बदलून देणं. म्हणून अर्ज पाठवण्याआधी दोन रात्री घराबाहेर काढा. पन्हाळा चांगला, चढही आहे आणि अनोळखी बाथरूमही. घरच्यांना न नेता, जो मदतनीस म्हणून येणार आहे त्यालाच न्या. लागलेली प्रत्येक मदत लिहून ठेवा आणि तीच यादी अर्जात घाला. मदतनिसाचं तिकीट, जेवण, व्हिसा आणि विमा कोण देणार, हे लेखी घ्या. निमंत्रणपत्रात त्याचं नाव आणि काम दोन्ही असायला हवं, नाहीतर त्याचा व्हिसा अडकतो.

व्हिसा, औषधं

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आधीपासूनच्या आजाराबद्दलचं कलम वाचल्याशिवाय विमा घेऊ नका, स्वस्त पॉलिसीत तेच वगळलेलं असतं.

डॉक्टरांच्या पत्रात औषधाचं मूळ रासायनिक नाव आणि मात्रा लिहून घ्या. आपल्याकडचा ब्रँड बाहेर कुणाला कळत नाही. जपानला एका महिन्यापेक्षा जास्त पुरेल इतकं डॉक्टरी औषध न्यायचं असेल तर ‘युन्यु काकुनिन्शो’ नावाची मंजुरी आधी लागते. कॅथेटर दिवसाला पाच लागत असतील तर चौदा दिवसांचे सत्तर होतात. त्यावर निम्मे वाढवून १०५ घ्या, आणि अर्धे केबिन बॅगेत ठेवा.

विमान

विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवा आणि नेमका कोड सांगा. पायऱ्या चढता येत असतील तर डब्ल्यूसीएचआर, चढता येत नसतील पण विमानात आसनापर्यंत चालता येत असेल तर डब्ल्यूसीएचएस, अजिबात चालता येत नसेल तर डब्ल्यूसीएचसी. चुकीचा कोड पडला की दारात अरुंद खुर्ची आणि उचलणारी माणसं नसतात. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून निघणार असाल तर विमानाच्या सामानकप्प्याच्या दाराचं माप विचारा, लहान विमानात मोटरची खुर्ची उभी बसत नाही.

बॅटरीचा हिशोब घरीच करा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा ३०० वॉट-तास आहे. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची बॅटरी २८८ भरते, म्हणजे चालते. ती काढून केबिनमध्ये न्यायची असते. चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, तेही बघा. जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्टवर फक्त २३० चा चार्जर काम करत नाही.

खुर्ची विमानाच्या दाराशीच परत मागा, उशी आणि जॉयस्टिक काढून स्वतःजवळ ठेवा, खुर्ची देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. पाठीच्या कण्याची दुखापत असलेल्यांनी विमानात उशीवरच बसावं आणि दर अर्ध्या तासाने अंग उचलून दाब हलका करावा. दाबजखम झाली तर पूर्ण शिबिर अंथरुणात जातं.

मुक्कामी पोचलात की बॅग उघडण्याआधी बाथरूम, पलंग आणि जेवणाच्या हॉलचा रस्ता वापरून बघा. काही जमत नसेल तर त्याच संध्याकाळी समन्वयकाला सांगा. पहिल्या रात्री खोली बदलता येते, तिसऱ्या दिवशी सगळ्या भरलेल्या असतात.