घरचा सर्व्हर दिसेना? डिस्कला हात लावायच्या आधी या चुका बघा

लातुरात मेहुण्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. सगळे फोटो एका सर्व्हरवर, म्हणजे नेटवर्कला लावलेल्या डिस्कच्या डब्यात, असतात. ऐन लग्नसराईत त्याचा फोन आला, "दाजी, सर्व्हर गेला. एकबी फोल्डर दिसंना गेलंय." मी पोचलो तर पठ्ठ्याने डिस्क काढायला घेतल्या होत्या. डिस्क ठणठणीत होत्या, बदलला होता फक्त नेटवर्कवरचा पत्ता.

आपल्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाणार हे धरूनच चालायचं. लाईट आली की राउटर नव्याने सुरू होतो. साधे राउटर कुणाला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला होता हे विसरतात आणि परत वाटायला बसतात. काल १९२.१६८.१.२३ वर असलेला सर्व्हर आज ३१ वर, आणि कॉम्प्युटरवरचा झेड ड्राइव्ह (सर्व्हरच्या फोल्डरचा शॉर्टकट) मात्र २३ चंच दार वाजवतोय. म्हणून आधी ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा. सर्व्हरने १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असेल, तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. वायर काढून परत लावा, नाहीतर राउटर पूर्ण सुरू झाल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा.

यावर उपाय म्हणून लोक दुसरी चूक करतात. सर्व्हरमध्ये हाताने २३ टाकून मोकळे होतात, पण राउटर २ पासून २५४ पर्यंत सगळेच नंबर वाटत असतो. घरी पाहुणे आले, दहा मोबाईल वायफायला लागले, त्यातल्या एकाला २३ मिळाला की भांडण सुरू. मग सर्व्हर कधी दिसतो, कधी गायब. संशय असेल तर सर्व्हर बंद करून कॉम्प्युटरवरून त्याच नंबरला पिंग मारा, म्हणजे "आहेस का" अशी हाक द्या. तरीही उत्तर आलं तर घरात तोतया आहे. (उत्तर आलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, काही उपकरणं पिंगला दादच देत नाहीत.) माझ्या मते राउटरमध्येच सर्व्हरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या ओळखीवर) नंबर राखून ठेवणं सगळ्यात बरं. सर्व्हर डीएचसीपीवरच, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता घेण्यावरच, राहू द्या.

हाताने भरायचाच हट्ट असेल तर राउटरचं वाटप थोडं कमी करून त्याबाहेरचा नंबर घ्या आणि गेटवे (इंटरनेटकडे जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता), डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) नीट भरा. ते चुकले तर घरात फायली मजेत उघडतात, पण अपडेट येत नाही आणि घड्याळ हळूहळू भरकटतं. ही चूक महिनोन्‌महिने कळत नाही.

आता वायर. मेहुण्याची तक्रार होती की पन्नास जीबीचं लग्न कॉपी व्हायला सव्वा तास लागतो. वेग बघितला तर सेकंदाला ११ एमबी. हा आकडा दिसला की समजायचं, गिगाबिटची (सेकंदाला हजार मेगाबिटची) लाईन शंभर मेगाबिटवर अडकली आहे. प्लग डोळ्यांजवळ धरला. पारदर्शक प्लास्टिकमधून आठऐवजी चारच तारा दिसत होत्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी बाहेरच कापून टाकलेली. वायर ओढणाऱ्याने काम उरकलं होतं. आठही तारांचे नवे प्लग बसवल्यावर तोच वेग ११० च्या आसपास गेला.

इंटरनेटवाल्याचा डबा आणि त्यामागे आपला राउटर, दोघेही पत्ते वाटत असतील तर एका घराची दोन घरं होतात. आतल्या राउटरला लावलेला सर्व्हर बाहेरच्या डब्याच्या वायफायवरच्या टीव्हीला दिसत नाही. आतला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय द्यायच्या कामावर, टाका, आणि डब्याकडून आलेली वायर त्याच्या योग्य खाचेत आहे ना, तेही तपासा. गेस्ट वायफायवरून सर्व्हर दिसत नाही हा मात्र बिघाड नाही, ते तसंच असतं.

पुण्यातून घरच्या फायली हव्यात म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायची दारं) उघडत बसू नका. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यातला असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात, कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कुणी पोचणार नाही. आणि पोचत असेल तर जास्त वाईट. फायली शेअर करायचा ४४५ नंबरचा पोर्ट इंटरनेटला कधीच उघडायचा नाही, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता. वायरगार्ड किंवा टेलस्केल लावा, म्हणजे बाहेरून घरापर्यंत कुलूपबंद खाजगी वाट (व्हीपीएन) मिळते. सामायिक पत्त्यामागे असाल तर टेलस्केलच सोपं पडतं.

सर्व्हरच्या मागच्या बारीक भोकातलं रिसेट बटण सगळ्यात शेवटी, तेही आपल्या मॉडेलची पुस्तिका उघडून. काही मॉडेलवर थोडा वेळ दाबलं तर फक्त नेटवर्क आणि पासवर्ड मूळ जागी येतात, पण जास्त वेळ दाबलं तर बरंच काही पुसलं जातं. मेहुण्याने टाचणी शोधून ठेवली होती, ती मी खिशात घालून घरी आणली.